‘आता बरा वाटता’: क्रोन्स झालेल्या एका खलाशाची सहा वर्षं

पार्श्वभूमी

प्रथमेश माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आला तो २०१८ च्या ऑगस्टमध्ये. मासेमारी सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै समुद्र बंद असतो. १ ऑगस्टला बोटी पाण्यात जातात आणि त्या दिवसांत कुठलाही खलाशी आजारी पडायला तयार नसतो. हा वीस वर्षांचा, तांडेलाचा म्हणजे बोटीच्या मुख्य खलाशाचा धाकटा मुलगा, ट्रॉलरवरचा त्याचा दुसरा हंगाम. अशा वेळी तो बोट सोडून पोट धरून येतो, तेव्हा दुखणं साधं नसणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी जुलाबाच्या आणि जंताच्या गोळ्या दिल्या, ओआरएसची पाकिटं दिली आणि त्याला परत पाठवलं.

मी मालवण आणि देवगड यांच्या मधल्या पट्ट्यात बावीस वर्षं प्रॅक्टिस करतो. प्रथमेश हे त्याचं खरं नाव नाही. गाव आणि घरचे तपशीलही ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत. त्याने हे सगळं वाचलं आहे आणि एक वाक्य सोडून बाकी छापायला होकार दिला आहे. ते वाक्य मी काढलं.

पुढच्या तीन महिन्यांत तो पाच वेळा आला. जेवल्यावर तासाभराने बेंबीच्या उजवीकडे खाली कळ, दिवसाला पाच-सहा वेळा शौचाला, संध्याकाळी कसकस, तोंडात सारखे फोड. वजन ६१ किलोवरून ५२ वर आलं. ट्रॉलर पाच-पाच, आठ-आठ दिवस बाहेर असतो आणि त्यावर शौचालय नसतं, मागच्या कडेला दोराला धरून बसायचं. सहा माणसांसमोर दिवसातून सहा वेळा तिथे बसण्यापेक्षा त्याने बोटीवर खाणंच सोडलं होतं. चहा आणि विडी. पाठ धरली की वेदनाशामक गोळी. विडी आणि या गोळ्या, दोन्ही गोष्टी त्याच्या आजाराला नेमक्या वाईट होत्या. पण तेव्हा आजाराचं नावच कोणाला माहीत नव्हतं.

अडचण: टीबी की क्रोन्स

नोव्हेंबरमध्ये हिमोग्लोबिन ८.९ आलं तेव्हा मी त्याला जिल्ह्याबाहेर पाठवलं. तिथे कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची आतून तपासणी, झाली. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे व्रण होते आणि जागा सुजलेली होती. तुकडा तपासला, त्यात ग्रॅन्युलोमा म्हणजे पेशींच्या गाठी दिसल्या, पण टीबीचं निश्चित लक्षण नाही. टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी निगेटिव्ह.

क्रोन्स या आजाराचं वर्णन १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केलं, तेही लहान आतड्याच्या याच शेवटच्या भागाबद्दल. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही व्रण पडू शकतात, मध्येच निरोगी पट्टा सोडून पुन्हा पुढे पडतात. ते वरवरचे राहत नाहीत, आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत जातात. म्हणून आतडं अरुंद होतं, नाहीतर भिंतीतून आरपार वाट पडते. हा आजार मुळातून जात नाही. तो शांत ठेवता येतो आणि पुष्कळांच्या बाबतीत वर्षानुवर्षं शांत राहतो.

आतड्याच्या टीबीचीही हीच आवडती जागा. वयही साधारण हेच, ताप, कळ, वजन घटणं हेही तेच. आपल्या देशात टीबी इतका आहे की या दोन आजारांतला फरक करताना अनुभवी पोटविकारतज्ज्ञही अडतात. आणि चूक दोन्हीकडून महागात पडते. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉईड दिलं, तर टीबी अंगभर पसरू शकतो. क्रोन्स असताना टीबीची औषधं देत राहिलं, तर आतडं आतल्या आत आकसत जातं.

पहिला निर्णय: सहा महिन्यांचा टीबीचा कोर्स

तज्ज्ञांपुढे तीन वाटा होत्या. सरळ क्रोन्सचे उपचार सुरू करायचे, पुन्हा कोलोनोस्कोपी करून आणखी तुकडे घ्यायचे, किंवा टीबीची औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी आतून तपासायचं. त्यांनी तिसरी निवडली. मला ती आजही बरोबर वाटते. आपल्याकडे हीच रीत आहे आणि तिला आधार आहे: टीबी असेल तर एवढ्या काळात व्रण भरून येताना दिसतात.

त्या रीतीत दोन भाग आहेत. औषध देणं हा एक आणि मुदतीत आतून पाहणं हा दुसरा. आम्ही फक्त पहिला केला.

कारण प्रथमेशला बरं वाटायला लागलं. औषधं सरकारी केंद्रातून फुकट मिळत होती, लघवी केशरी झाली होती, म्हणजे गोळी रोज पोटात जात होती. ट्रॉलरवर जाणं सुटलं होतं, आई तीन वेळ गरम जेवण घालत होती. दोन महिन्यांत वजन दोन किलो वाढलं. जानेवारीत मी विचारलं तेव्हा तो खुर्चीत नीट बसून म्हणाला, “डॉक्टरांनू, आता बरा वाटता.” कोलोनोस्कोपीसाठी पुन्हा एवढा प्रवास, आदल्या रात्री पोट साफ करायचं ते औषध, दिवस मोडणार, पैसे जाणार. मीच म्हणालो, कोर्स पुरा होऊ दे, मग बघू.

हे वाक्य मी इतक्या वर्षांत कितीतरी रुग्णांना सांगितलं असेल. इथे ते चुकीचं होतं. क्रोन्स कधी चढतो, कधी आपसूक उतरतो. विश्रांती आणि घरचं अन्न मिळालं तरी थोडा उतार पडतो. रुग्णाला बरं वाटणं आणि आतला व्रण भरणं यांची सांगड या आजारात फार सैल असते.

आणखी एक गोष्ट त्या काळात चालू होती, ती मला नंतर कळली. त्याला फेब्रुवारीपासून बसायच्या जागी गळू झालं होतं. फुटायचं, पू जायचा, पुन्हा भरायचं. घरात त्याला मूळव्याध म्हणत. शेजारच्या गावातून लेप आणला होता. असं गळू फुटून पडणारी वाट, म्हणजे गुदद्वाराजवळचं भगंदर, ही क्रोन्सची ठळक खूण आहे, आतड्याच्या टीबीत ते क्वचित दिसतं. त्या एका तपासणीने आमचा अर्धा गुंता सुटला असता. मी त्याचं पोट दहा वेळा दाबून पाहिलं, पण एकदाही त्याला कुशीवर वळायला सांगितलं नाही. नंतर मी त्याला विचारलं, का बोलला नाहीस? तो म्हणाला, “तुम्ही इचारूक नाय, मी सांगूक नाय.”

जून २०१९

मेमध्ये कोर्स संपला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात, त्याला रात्री दोन वाजता रिक्षातून आणलं. पोट फुगलेलं, हिरव्या उलट्या, वजन ४७ किलो. आतडं तुंबलं होतं. आदल्या दिवशी घरात फणस फोडला होता आणि त्याने पोटभर गरे खाल्ले होते. अरुंद झालेल्या जागी त्या गऱ्यांचे धागे जाऊन बसले असावेत.

आमच्याकडचे गंभीर रुग्ण गोव्यातल्या बांबोळीला नाहीतर कोल्हापूरला जातात. त्याला गोव्यात नेलं. निघण्याआधी आईने गावच्या देवाचा कौल घ्यायचं ठरवलं. पहाटे पाचला गुरवाला उठवलं. मी सलाईन लावून गाडीची वाट पाहत होतो. गाडी यायला वेळ होता म्हणून मी अडवलं नाही, एवढंच म्हणालो की गाडी आली की थांबायचं नाही. कौल उजवा मिळाला. नंतरच्या सगळ्या वर्षांत ती माउली उपचारांच्या बाबतीत कधी डगमगली नाही. त्याचं मूळ मला त्या पहाटेत दिसतं.

सलाईन आणि नाकातल्या नळीवर आतडं तीन दिवसांत मोकळं झालं. सीटी स्कॅनमध्ये लहान आतड्याचा शेवटचा भाग जाड आणि अरुंद दिसला. कोलोनोस्कोपीत व्रण तसेच होते, उलट वाढलेले. विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन, जे आतड्याची सूज दाखवतं आणि साधारण ५० च्या आत असावं, ते १४०० च्या वर. आणि गुदद्वाराची तपासणी पहिल्याच दिवशी झाली. निदान झालं, क्रोन्स. पहिल्या भेटीपासून दहा महिने गेले होते.

दुसरा निर्णय: काय आधी, काय नंतर

इथे क्रम महत्त्वाचा होता. गळवात पू असताना स्टेरॉईड देणं धोक्याचं, म्हणून आधी शस्त्रक्रियेने पू काढला आणि भगंदराच्या वाटेत सेटॉन म्हणजे धाग्याचं वेटोळं घातलं. वाट उघडी राहते, पू साचत नाही. हा धागा महिनोन् महिने राहतो. प्रथमेशच्या अंगावर तो दोन वर्षांहून जास्त होता. शौचाच्या जागी एक धागा घेऊन एकविसाव्या वर्षी जगायचं म्हणजे काय, हे मी इथे लिहायला गेलो तर ते माझे शब्द होतील. तो क्रिकेट खेळायचा सुटला. कार्तिकातल्या जत्रेला जायचा, पण दशावतार बघताना मांडवाच्या बाहेरच्या बाजूला उभा राहायचा, चटकन निघता यावं म्हणून.

नंतर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड ४० मिलिग्रॅम, दर आठवड्याला पाच मिलिग्रॅम कमी करत बंद. स्टेरॉईड आग विझवतं, पण आग पुन्हा लागू नये याची सोय त्यात नसते. त्यासाठी तज्ज्ञांनी दोन वाटा सांगितल्या. प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या अझाथायोप्रिनच्या गोळ्या, ज्यांत सुरुवातीला वारंवार रक्त तपासावं लागतं. किंवा टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या प्रथिनाला रोखणारी इंजेक्शनं, ज्यांचा भगंदरावर चांगला उपयोग होतो, पण खर्च कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता आणि आत कुठे दबलेला टीबी असेल तर तो उफाळण्याची भीती होती. तिसरी वाट शस्त्रक्रियेची, अरुंद भाग कापून जोड देण्याची. तिला घरात सगळ्यांचा विरोध होता आणि भगंदर उघडं असताना डॉक्टरही घाई करायला तयार नव्हते.

अझाथायोप्रिन ठरलं. पण प्रथमेशने ते सुरूच केलं नाही. दर आठवड्याला रक्त काढायला तालुक्याला कोण नेणार, हे त्याचं कारण. खरं कारण असं की स्टेरॉईडने त्याला पंधरा दिवसांत इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या गोळीची गरज त्याला पटेना. ऑक्टोबरमध्ये स्टेरॉईड संपलं, फेब्रुवारी २०२० मध्ये आजार परत आला, पुन्हा स्टेरॉईड लागलं. आणि मार्चमध्ये लॉकडाऊन.

तिसरा निर्णय, जो कोणी घेतलाच नाही

गोव्याची हद्द बंद झाली. जुनी चिठ्ठी त्याच्याकडे होती. औषधवाला ओळखीचा. प्रथमेशने ४० चे २० मिलिग्रॅम केले आणि त्यावरच राहिला. कमी केलं की कळ यायची, वाढवलं की जायची. मार्च ते नोव्हेंबर, आठ महिने.

मी त्याला जुलैमध्ये बाजारात पाहिलं. चेहरा गोल, गाल भरलेले, वजन साठच्या पुढे. आईने मला मुद्दाम थांबवून सांगितलं, “पोरान अंग धरल्यान हां.” सगळा गाव खूश होता. मास्कच्या वर गाल आलेले मला दिसत होते. स्टेरॉईडने येणारी ती सूज मी ओळखत होतो. पण कोविडची धावपळ होती, रस्त्यावर उभं राहून किती विचारणार, असं म्हणून पुढे गेलो. ही या प्रकरणातली माझी दुसरी चूक आणि मला ती पहिलीपेक्षा जास्त टोचते, कारण या वेळी मला दिसत होतं.

नोव्हेंबरमध्ये मित्रांनी चेहऱ्यावरून चिडवलं म्हणून त्याने गोळ्या एका दिवसात बंद केल्या. चौथ्या दिवशी तो परसात पडला. रक्तदाब ८० वर ५०, उलट्या, घाम. इतके महिने बाहेरून स्टेरॉईड मिळालं की शरीर स्वतःचं तयार करणं सोडतं. ते अचानक तोडलं तर जिवावर बेततं. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन माझ्या दवाखान्यात होतं म्हणून वेळ निभावली.

त्या रात्री मी त्याच्या खाटेशेजारी बसून पहिल्यांदा सगळं विचारलं. किती वेळा जातोस, रात्री उठावं लागतं का, रक्त पडतं का, धाग्याजवळून पू किती येतो, कपडे खराब होतात का, बाहेर जायच्या आधी काय करतोस. शेवटच्या प्रश्नाला त्याने सांगितलं की गोव्याला जायचं असलं की आदल्या दुपारपासून तो काही खात नाही, पाणीही घोटभर. एसटीत तीन-चार तास, मध्ये कुठे उतरणार? म्हणजे प्रत्येक तपासणीला तो उपाशी, वाळलेला पोहोचत होता आणि त्या अवस्थेत त्याचं रक्त काढलं जात होतं. तेव्हापासून तो रेल्वेने जातो. करमळीला उतरतो, पुढे बस. गाडीत संडास असतो, एवढं एकच कारण. हे सुचायला आम्हा सगळ्यांना दीड वर्ष लागलं.

चौथा निर्णय: इंजेक्शन

जानेवारी २०२१ मध्ये अझाथायोप्रिन अखेर सुरू झालं, ५० मिलिग्रॅमने. तिसऱ्या आठवड्यात आईने कंगवा घेऊन दाखवला. केसांचा पुंजका नव्हे, मूठ. त्याच दिवशी रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी १८०० पर्यंत घसरलेल्या. औषध तिथल्या तिथे थांबवलं. एनयूडीटी१५ या जनुकाचा एक प्रकार आपल्याकडच्या आणि एकूण आशियातल्या काही लोकांत असतो. त्यांना हे औषध साध्या मात्रेतही सोसत नाही. केस झपाट्याने गळणं ही त्याची लवकर दिसणारी खूण आहे. दर आठवड्याचं रक्त तपासणं किती गरजेचं होतं, ते कुटुंबाला आता न सांगताच कळलं.

मग उरलं इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया. या वेळी मी शस्त्रक्रियेची बाजू घरात नीट मांडली, कारण ती हार नव्हे. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आतड्याच्या याच शेवटच्या भागाचा मर्यादित आजार असलेल्यांत, शस्त्रक्रिया झालेले आणि इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ रोखणारं औषध घेतलेले रुग्ण वर्षभराने जवळपास सारख्याच स्थितीत होते. पण त्या रुग्णांत प्रथमेशसारखं अरुंद झालेलं आतडं नव्हतं. त्याचं भगंदर सुकण्यासाठी इंजेक्शन लागणारच होतं. तज्ज्ञांचं मत पडलं की आधी ते द्यावं, अरुंद जागेतली सूज किती उतरते ते पाहावं.

छातीचा फोटो, टीबीची रक्तचाचणी, कावीळ बी आणि सीची तपासणी झाली. टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स आधीच झालेला होता, तो इथे आश्वासक ठरला. अडालिमुमॅब या टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनची भारतीय कंपन्यांची स्वस्त रूपं २०१४ पासून आपल्याकडे मिळतात, तरीही दर पंधरा दिवसांचा खर्च काही हजारांत जातो. वडिलांनी बोटीतला आपला छोटा हिस्सा विकला. घरात यावर बरंच भांडण झालं. थोरल्या भावाचं म्हणणं होतं की हिस्सा गेला की दोघांचीही पोटं उपाशी. त्याचंही चुकत नव्हतं. रुग्णालयातल्या समाजसेविकेने ट्रस्टांकडे अर्ज करून दिले आणि वर्षभर निम्मा भार उचलला गेला.

मार्चमध्ये १६० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी ८०, मग दर पंधरा दिवसांनी ४०. पहिली सुई मी टोचली, तिसरी त्याने स्वतः.

१६ मे २०२१

हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. गोठलं तर फुकट जातं. तौक्ते वादळ १६ मे रोजी आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं, खांब आडवे झाले आणि गावातली वीज कित्येक दिवस गेली. त्याच्या फ्रीजमध्ये दोन सुया होत्या.

दुसऱ्या दिवशी झाडं तोडत मी तिथे पोहोचलो तेव्हा आईने व्यवस्था केलेली होती. मासळीचा थर्माकोलचा खोका, तळाला बर्फ, त्यावर दुमडलेला जुना पंचा, पंचावर स्टीलचा डबा, डब्यात सुया. “बर्फात थेट घातला तर गोठतला,” ती म्हणाली. चाळीस वर्षं मासळी बर्फात लावणाऱ्या बाईला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. जनरेटरवर चालणाऱ्या बर्फाच्या कारखान्यातून थोरला भाऊ, तोच हिशावरून भांडलेला, रोज सकाळी मोटारसायकलवर लादी आणत होता. मी डब्यात थर्मामीटर ठेवून अर्ध्या तासाने पाहिला. सहा अंश. वीज येईपर्यंत रोज दोनदा पाहायला सांगून तो त्यांच्याकडेच ठेवला.

ताटाचा प्रश्न

निदान झाल्यापासून घरात प्रत्येक जण काहीतरी बंद करायला सांगत होता. मासळी बंद, तिखट बंद, भात बंद, दूध बंद. काही महिने तो पेज आणि मुगाच्या पाण्यावर होता. वजन न वाढण्यात याचा वाटा मोठा होता. क्रोन्स अमुक एका पदार्थाने होत नाही आणि अमुक एकाने तो जात नाही. आतडं अरुंद असताना मात्र धागे आणि चोथा टाळावा लागतो. गरे, शेवग्याच्या शेंगा, अननस आणि आमच्याकडे ज्याचा विचारच कोणी करत नाही तो नारळाचा चव. मासळी उलट हवी होती. मग आईने युक्ती काढली: वाटप बारीक वाटून, फडक्यातून पिळून फक्त रस कालवणात. बांगडा काटे काढून. सोलकढी तशीही गाळलेलीच असते. आजारी आतड्याच्या त्या भागातूनच बी-१२ शोषलं जातं, म्हणून त्याची इंजेक्शनं आणि लोह शिरेतून. विडी त्याने त्या नोव्हेंबरच्या रात्रीनंतर सोडली.

काय वेगळं करता आलं असतं

टीबीची औषधं सुरू केली त्याच दिवशी दुसऱ्या कोलोनोस्कोपीची तारीख ठरवून चिठ्ठीवर लिहायला हवी होती, म्हणजे ती बरं वाटण्यावर अवलंबून राहिली नसती. आता मी तसंच करतो. जुलाब आणि वजन घटलेल्या प्रत्येक तरुण रुग्णाला पडदा ओढून कुशीवर वळायला सांगतो. मुलगी असेल तर परिचारिका शेजारी असते. लाज रुग्णाला वाटते हे खरं, पण ते विचारायची लाज मलाच जास्त वाटत होती, हे मला उशिरा उमगलं.

अझाथायोप्रिन २०१९ मध्येच सुरू झालं असतं, तर ते सोसत नाही हे दीड वर्ष आधी कळलं असतं आणि आठ महिन्यांचं स्टेरॉईड टळलं असतं. रक्त गावातून गोळा करून तालुक्याला पाठवायची सोय माझ्या दवाखान्यातून होऊ शकत होती. मी ती २०२१ मध्ये केली, त्याला काही खर्च आला नाही. इंजेक्शनही आधी सुरू व्हायला हवं होतं का? भगंदर पाहता, बहुधा हो. पण तेव्हा टीबीची शंका ताजी होती आणि पैसे नव्हते. त्या दिवशी त्या खोलीत बसून मी वेगळा सल्ला दिला असता असं म्हणवत नाही.

मनाचा विचार आम्ही कोणीच केला नाही. दोन वर्षं तो मुलगा रात्री घराबाहेर कुठे राहिला नव्हता. समुपदेशकाकडे त्याला २०२२ मध्ये पाठवलं, तेही त्याने झोप लागत नाही म्हटलं म्हणून.

परिणाम

सप्टेंबर २०२१ मध्ये सेटॉन निघाला, भगंदर सुकलं. जानेवारी २०२२ च्या कोलोनोस्कोपीत व्रण भरलेले होते, एक आखडलेला वण राहिला आहे आणि तो एखादे दिवशी शस्त्रक्रिया मागू शकतो. कॅलप्रोटेक्टिन ९० च्या आसपास. वजन ६२.

ट्रॉलरवर तो परत गेला नाही. हा निर्णय त्याचा. पहाटे जाऊन दुपारी परतणाऱ्या चुलत्याच्या होडीवर जातो. मिळकत कमी आहे. २०२३ मध्ये लग्नाचं पाहत होते तेव्हा घरच्यांचा विचार आजार सांगू नये असा होता. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की हा आजार संसर्गाचा नाही, आजार शांत असताना मुलं व्हायला सहसा अडचण येत नाही, पण लपवलेली सुई फ्रीजमध्ये कुठे ठेवणार? प्रथमेशने पहिल्या भेटीतच मुलीला सगळं सांगितलं. त्या घरून नकार आला. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

गेल्या जुलैत तो आला तेव्हा नेहमीप्रमाणे आधी रिपोर्ट टेबलावर ठेवला, मी तो वाचेपर्यंत गप्प बसला आणि मग म्हणाला, “बरा वाटता.” त्याला हंगामाच्या सुरुवातीला दोन रात्रींच्या फेरीवर जायचं होतं, सुईची तारीख मध्ये येत नव्हती. बोट नवी आहे, मागे आडोसा करून संडास बसवलेला आहे, हे त्याने स्वतः जाऊन पाहिलं होतं. मी त्याला विचारलं, आतडं तुंबलं तर किनारा किती तासांवर? त्याने तांडेलाला विचारून येतो म्हटलं.